क्यूबेकची वंशावळ शोधताय? लग्नापासून सुरू करा

अगं बाप्तिस्म्याच्या नोंदींत कशाला अडकतेस, आधी लग्नं शोध. क्यूबेक म्हणजे कॅनडाचा फ्रेंचभाषक प्रांत, तिथल्या कॅथलिक चर्चच्या लग्ननोंदीत बहुतेक वेळा नवरा-नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, म्हणजे एक लग्न सापडलं की मागची पिढी थेट हातात, आणि बायका लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने लिहिलेल्या, हे तर वरदानच समज. खरी डोकेदुखी 'दी'वाल्या नावांची, दी (dit) म्हणजे फ्रेंचमधलं 'ऊर्फ'. मिव्हिल दी देशेन, यात मिव्हिल मूळ आडनाव आणि देशेन जोडनाव. अशी नावं बऱ्याच सैनिकांना पलटणीत पडायची, मग पुढे एक भाऊ हे लावणार दुसरा ते, त्यामुळे दोन्हींनी सर्च मार नाहीतर अख्खी शाखा गायब झाल्यासारखी वाटते. पहिलं नावही फसवं बरं का, अर्धं गाव जोसेफ नाहीतर मारी, हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं. नोंदींचा इंडेक्स मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीच्या पीआरडीएच (PRDH) या डेटाबेसवर, मूळ पानांचे फोटो ड्रुअँ (Drouin) कलेक्शन या चर्चनोंदींच्या संग्रहात. कोणी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, कापड गिरण्यांत गेलं असेल तर आडनावाचं इंग्रजी भाषांतर होऊन ब्वाव्हेरचं (Boisvert, 'हिरवं लाकूड') ग्रीनवुड झालेलं असू शकतं. आणि नेटवरची तयार झाडं कॉपी-पेस्ट करू नकोस, मूळ पान उघडून बघच.