शहराचं अनुदान आणि एकटा कलाकार: वाचकांचे प्रश्न

मी क्वीन्समध्ये राहते, भारुडं सादर करते. माझी संस्था वगैरे नाही. न्यूयॉर्क शहराकडून मला अनुदान मिळेल का?

मिळू शकतं, पण थेट नाही. शहराचा सांस्कृतिक विभाग थेट पैसे देतो ते ना-नफा संस्थांना. एकट्या कलाकारापर्यंत ते पोचतात पाच बरोंमधल्या, म्हणजे क्वीन्स, ब्रुकलिन अशा शहराच्या पाच भागांमधल्या, कलासंस्थांमार्फत. क्वीन्सचा निधी न्यूयॉर्क फाउंडेशन फॉर द आर्ट्स वाटते, ब्रुकलिनचा ब्रुकलिन आर्ट्स कौन्सिल. तुमचा अर्ज क्वीन्सच्या निधीकडे जाईल.

कार्यक्रम मात्र क्वीन्समध्येच आणि सगळ्यांसाठी खुला हवा. मंडळाच्या सभासदांपुरता ठेवलात तर चालणार नाही. देवळात आरतीला जोडून ठेवलात तरी अडचण, कारण उपासनेसाठी सरकारी पैसा देता येत नाही. तेच भारुड वाचनालयाच्या सभागृहात करा. तिथे ते लोककला म्हणूनच पाहिलं जाईल, आणि कधीही भारुड न ऐकलेले शेजारीही येऊन बसतील.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, नाटकाच्या तालमी तिथल्याच जर्सी सिटीत करतो. अर्ज कुठे करायचा?

वैयक्तिक अनुदानात बहुधा घरचा पत्ता बघतात, तालमीचा नाही. एडिसनकरांनी आधी मिडलसेक्स काउंटीकडे चौकशी करावी. राज्याची कला परिषद काउंट्यांमार्फतही निधी वाटते. तुमच्यापैकी कुणी जर्सी सिटीत राहत असेल, तर त्याने तिथला निधी जरूर बघावा. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या शहराच्या मतदारांनी कलेसाठी वेगळ्या मालमत्ता कराला कौल दिला: करपात्र मूल्याच्या दर १०० डॉलरमागे जास्तीत जास्त २ सेंट. लोकांनी आपणहून कलेसाठी कर मान्य केला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

लावणीच्या प्रकल्पाचा अर्ज दोनदा नाकारला गेला. परीक्षकांना लावणी कळतच नाही, मग करायचं काय?

त्यांना कळत नाही हे धरूनच लिहायचं. ‘लावणी ही महाराष्ट्राची समृद्ध परंपरा आहे’ या वाक्यातून काहीच दिसत नाही. त्याऐवजी लिहा: ‘ढोलकी आणि घुंगरांच्या ठेक्यावर एक बाई प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघून गाते, नाचते, त्यांची फिरकी घेते. आम्ही अशा चार लावण्या इथल्या उद्यानात सादर करू आणि प्रत्येकीचा अर्थ आधी इंग्रजीत सांगू.’ कोण, कुठे, कुणासाठी, हे एका परिच्छेदात यायला हवं.

त्याहून महत्त्वाचा व्हिडिओ. परीक्षकांपुढे अर्जांची चळत असते आणि ते सुरुवातीची काही मिनिटंच बघतात. आपल्याकडच्या चित्रीकरणात तेवढ्यात दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत आणि निवेदकाची चारोळी होते! सगळं कापा. ढोलकीच्या पहिल्या थापेपासून सुरू करा. कॅमेरा जवळ हवा, चेहरा आणि पाय दोन्ही दिसले पाहिजेत.

आणि अंदाजपत्रकात स्वतःचं मानधन लिहा. ‘हौसेला मोल नसतं’ म्हणून आपण तिथे शून्य टाकतो. महिनोन्‌महिन्यांच्या तालमी शून्य किमतीच्या नसतात. ढोलकीवाल्याला पैसे मिळावेत, नाचणारीलाही मिळावेत.

मी एच-१बी व्हिसावर आहे. अर्ज करू का?

आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. हा व्हिसा ज्या कंपनीसाठी मिळाला तिच्याच कामापुरता असतो. मानधन घेऊन केलेला कार्यक्रम ‘काम’ ठरू शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. पण अनुदान सहसा करपात्र उत्पन्नात धरलं जातं, म्हणून कपड्यांपासून साउंडवाल्यापर्यंतच्या पावत्या जपून ठेवा.