जुनी बोट घेताना विक्रेत्याकडचा सर्व्हे रिपोर्ट पुरतो का?

तुमचं म्हणणं असं : वीस वर्षं जुनी, फायबरग्लासची शिडाची बोट पसंत पडली आहे, विक्रेता तीन वर्षांपूर्वीचा सर्व्हे रिपोर्ट, म्हणजे जाणकाराने बोट तपासून लिहिलेला अहवाल, द्यायला तयार आहे, मग स्वतःचा मरीन सर्व्हेअर नेमून पुन्हा पैसे कशाला घालवायचे?

पहिली बोट घेताना मी अगदी हाच हिशोब केला होता. मिळालेला रिपोर्ट देखणा होता, भरपूर फोटो, शेवटी 'स्थिती समाधानकारक'. तो विम्यासाठी केलेला आहे, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचून सोडून दिलं. विमा कंपनीला बोट बुडण्याचा किंवा पेटण्याचा धोका किती आणि तिची किंमत काय, एवढ्याशीच मुख्यतः मतलब. घेणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच : पुढच्या पाच वर्षांत खिशाला कुठे कुठे भोक पडणार? माझ्या बोटीचा डेक काही महिन्यांतच पायाखाली किंचित दबायला लागला. दोर बांधायच्या क्लीटच्या बोल्टांमधून पाणी झिरपून फायबरग्लासच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलं होतं. असं कुजायला काही महिने पुरत नाहीत.

तेव्हा हो, सर्व्हेअर नेमा, आणि तो तुम्ही नेमा. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. तो लबाडच असेल असं नाही, पण त्याचं पुढचं काम त्याच दलालाकडून यायचं असतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये खासगी बोटींच्या अशा तपासणीला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून अमेरिकेत सॅम्स किंवा नॅम्स, ब्रिटनमध्ये वायडीएसए किंवा आयआयएमएस अशा संघटनांचं सदस्यत्व बघतात. मी त्याहून जास्त भरवसा त्याच्या एखाद्या जुन्या रिपोर्टवर ठेवतो. नावं खोडून नमुना मागा. चाळीस पानांत उपकरणांची यादीच असेल तर दुसरा शोधा.

फी भरण्याआधी तासभर स्वतः बोटीवर घालवा. सगळे लॉकर उघडा, बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी पाणी साठतं त्या जागेत, टॉर्च मारा, डेकवर अनवाणी चाला. तिथेच मन खट्टू झालं तर फी वाचली.

सर्व्हेच्या दिवशी मात्र काहीही करून हजर राहा. बोट पाण्याबाहेर काढलेली हवी. मडकं वाजवून घ्यावं म्हणतात, इथे अख्खी बोट वाजवून घ्यायची असते. सर्व्हेअर प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने तळ आणि डेक ठोकत जातो. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज आला की आतले थर सुटले असण्याची किंवा लाकूड ओलं असण्याची शंका. ओलावा मोजायचं मीटरही असतं, पण नुकत्याच बाहेर काढलेल्या बोटीवर ते जास्त आकडा दाखवतं, म्हणून नुसत्या आकड्याने घाबरू नका. तळावरचे फोड फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो ऑस्मोसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरलेलं. तेवढ्याने बोट टाकाऊ होत नाही, भाव मात्र खाली येतो. तळातले समुद्री पाण्याचे व्हॉल्व्ह साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो तो गुलाबीसर, ठिसूळ धातू. असला व्हॉल्व्ह हातात तुटून येऊ शकतो, तोही बोट पाण्यात असताना.

इंजिन थंडगार असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आत ते कुणी तापवून ठेवलं असेल तर का, हे विचारा. बहुतेक सर्व्हेअर इंजिन उघडत नाहीत आणि डोलकाठीवर चढत नाहीत. त्यासाठी मेकॅनिक आणि रिगर वेगळे धरा. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलायला येतात, आणि सेलड्राइव्ह (इंजिनाची ताकद तळातून खाली पंख्यापर्यंत नेणारी यंत्रणा) असेल तर त्याचा पाणी अडवणारा रबरी डायफ्रॅम व्होल्वो पेंटा या इंजिन कंपनीच्या शिफारशीप्रमाणे दर ७ वर्षांनी. दोन्ही खर्च जड आहेत, कधी बदलले त्याची बिलं मागा.

रिपोर्ट आला की लोक आधी दोषांची यादी बघतात. मी आधी 'पाहता आलं नाही' अशी वाक्यं शोधतो. सर्व्हेअर बोटीची मोडतोड करू शकत नाही. फळ्यांमागे, टाक्यांखाली आणि कीलच्या, म्हणजे तळाखालच्या जड पात्याच्या, बोल्टांमध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि चांगला माणूस तसं स्पष्ट लिहितो. मे २०१४ मध्ये 'चीकी रफिकी' ही ४० फुटी शिडाची बोट अटलांटिकमध्ये कील सुटून उलटली, चारही जण गेले. ती पूर्वी तळाला घासलेली होती, दुरुस्त्याही झाल्या होत्या, आणि त्यातून सांधा कमकुवत झाला असावा, असं ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने म्हटलं.

दुसऱ्या एका बोटीच्या रिपोर्टमध्ये मला कीलबद्दल असंच वाक्य दिसलं. विक्रेत्याला विचारलं, कधी खडकाला लागली होती का? तो म्हणाला, "तशी मोठी नाही." बोल्ट काढून बघू देता का म्हटल्यावर विषय बदलला. ती मी सोडली.

अनामत देण्याआधी 'सर्व्हे समाधानकारक ठरला तरच व्यवहार' ही अट लेखी घाला, नाहीतर रिपोर्ट हातात असूनही भाव पाडता येत नाही. आणि बोटीवर कर्ज आहे का, हलवरचा (बोटीच्या अंगावर कोरलेला) नंबर कागदपत्रांशी जुळतो का, ते तुम्हीच बघा. मालकी आणि कर्ज तपासणं सर्व्हेअरच्या कामात येत नाही.