सैन्य नसलेले मध्यस्थ

प्रश्न : ज्यांच्याकडे सैन्य नाही आणि भूमीही नाही, अशा बिगरसरकारी संस्था दोन शत्रूंमध्ये समेट घडवून आणू शकतात का?

उत्तर : होय, आफ्रिकेतील मोझांबिक हा देश हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तेथील फ्रेलिमो सरकार आणि रेनामो बंडखोर यांच्यातील सुमारे १६ वर्षांचे यादवी युद्ध मिटवणारी बोलणी १९९० च्या जुलैमध्ये रोममध्ये सुरू झाली, ती कोणत्याही परराष्ट्र मंत्रालयात नव्हे, तर आंद्रेआ रिकार्दी यांनी १९६८ मध्ये विद्यार्थिदशेत स्थापन केलेल्या सांत एजिदिओ या कॅथलिक संस्थेच्या वास्तूत. मध्यस्थांमध्ये रिकार्दी आणि याच संस्थेचे धर्मगुरू मात्तेओ झुप्पी यांच्यासह मोझांबिकमधील बैरा शहराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्विस व इटली सरकारचे प्रतिनिधी मारिओ राफाएल्ली होते. बंडखोरांना मान्यता दिल्याचा ठपका येईल म्हणून सरकारे अशा भेटी टाळतात. संस्थेला ती अडचण नव्हती, आणि माझ्या मते तिचे खरे बळ हेच होते. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार झाला. मात्र सैनिकांना निःशस्त्र करणे आणि १९९४ च्या निवडणुका पार पाडणे हे काम संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेलाच करावे लागले. तो खर्च आणि ते मनुष्यबळ कोणत्याही स्वयंसेवी संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते.