अँगल ठरवताना विषयापेक्षा त्याच्या मागे बघा

तुमची अडचण अशी दिसते: फोकस, उजेड सगळं जमतंय, तरी फोटो सपाट वाटतात. कुणीतरी 'अँगल बदलून बघ' म्हणालं म्हणून तुम्ही जमिनीवर आडवं होऊन, गॅलरीतून वाकून, कॅमेरा तिरका धरून बघितलं, पण आता फोटो ओढूनताणून काढल्यासारखे दिसतात. कुठला अँगल कधी घ्यायचा, हे तुम्हाला हवंय.

माझा अनुभव सांगतो. अँगल ठरवताना विषयाकडे कमी आणि त्याच्या मागे काय आहे तिकडे जास्त बघा. कॅमेरा दोन फूट खाली आणला तर समोरचा माणूस थोडासाच बदलतो, मागचं चित्र मात्र पार पालटतं. अँगल वापरायचा तो मुख्यतः त्यासाठी.

यामागचा नियम सोपा आहे. सपाट मोकळ्या जागेत क्षितिजाची रेषा कायम कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. तुम्ही उभ्याने, डोळ्याला कॅमेरा लावून साधारण तुमच्याच उंचीच्या माणसाचा फोटो काढलात, तर तो दहा फुटांवर असो की शंभर, क्षितिज त्याच्या डोळ्यांच्या आसपासच येणार. समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोंत पाण्याची कड माणसाच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघाल्यासारखी दिसते, ती यामुळेच. मागे सरका, झूम करा, ती रेषा तिथून हटत नाही. कॅमेरा कमरेइतका खाली घ्या, रेषा कमरेवर येते. घोट्याइतका खाली घ्या, घोट्यावर येते आणि अख्खा माणूस आकाशावर उभा राहतो. उलट कॅमेरा त्याच्या डोक्याच्या बराच वर नेला की मागे उरते फक्त वाळू.

त्यामुळे मागे गाड्या, तारा, गर्दी असेल आणि वर आकाश स्वच्छ असेल तर खाली बसा. आकाश पांढुरकं, कंटाळवाणं असेल पण जमीन सुंदर असेल तर वर चढा. दोन्हीकडे पसारा असेल तर उंची बदलून फारसं काही होत नाही, बाजूला सरका.

घरातलं उदाहरण घेऊ. लहान मूल जमिनीवर ठोकळे रचतंय. उभ्याने फोटो काढला तर दिसतात केस, कपाळ आणि फरशी. चेहरा निम्मा झाकलेला. म्हणून तुम्ही आडवे होता, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणता. चेहरा मिळाला, पण फरशीच्या जागी आता मागे सोफ्याचे पाय आणि चार्जरची वायर आली. इथेच बरेच जण थांबतात आणि म्हणतात, लो अँगल मला जमत नाही. थांबू नका, तसंच सरकत मुलाभोवती फिरा, मागे मोकळी भिंत किंवा पडदा येईपर्यंत. मूल आणि भिंत यांत जितकं अंतर जास्त, तितकी भिंत धूसर होईल. आणि तुम्हाला चेहऱ्यापेक्षा त्या इवल्या बोटांची धडपड दाखवायची असेल, तर आडवं होण्यात अर्थ नाही. सरळ डोक्यावरून खाली बघा. फरशी हीच मग सगळ्यात स्वच्छ पार्श्वभूमी.

फोनवर खालून काढायचं तर फोन उलटा धरा. लेन्स वरच्या कडेला असते, ती जमिनीला टेकण्याइतकी खाली येते. मात्र फोनची लेन्स वाइड असते. अगदी जवळून काढलं तर खालून बूट मोठे आणि वरून डोकं मोठं दिसतं. याला कारण अंतर. दोन-चार पावलं मागे जा आणि मग झूम करा. खालून काढताना आकाशाच्या उजेडामुळे चेहरा काळा पडतो, तेव्हा चेहऱ्यावर टॅप करून एक्स्पोजर थोडं वाढवा.

सरळ वरून खाली बघणारे फोटो मला स्वतःला फार आवडतात. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि हातात मावणारा, कसाही वळवता येणारा कॅमेरा लोकांना मिळाला. रशियन फोटोग्राफर रोडचेन्को तर पोटाशी धरून, वरून व्ह्यूफाइंडरमध्ये वाकून काढलेल्या त्या काळच्या नेहमीच्या फोटोंना बेंबीच्या पातळीवरचे फोटो म्हणून नावं ठेवायचा. १९२८ च्या सुमारास हंगेरियन कलाकार मोहोली-नॉजने बर्लिनच्या रेडिओ टॉवरवरून सरळ खाली कॅमेरा रोखला. अशा फोटोंत क्षितिजच नसतं, त्यामुळे वाटा, टेबलं, झाडं यांचे नुसते आकार उरतात. उंची कळते ती सावलीवरून. म्हणून हे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढा. भरदुपारी सावल्या पायाखाली गोळा होतात आणि सगळं चपटं दिसतं. टेबलावरच्या वस्तूंनाही हेच लागू. उजेड खिडकीतून आडवा येऊ द्या आणि डोक्यावरचा दिवा बंद ठेवा, नाहीतर तुमचीच सावली वस्तूवर पडते.

साचलेलं पाणी दिसलं तर लेन्स पाण्याच्या अगदी दोन बोटं वर न्या. सरळ वरून बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं, पण नजर जितकी पाण्याला समांतर, तितकं प्रतिबिंब ठळक. हातभर डबक्यात अख्खी इमारत मावते ती त्यामुळे.

राहिला तिरका कॅमेरा. तो मी क्वचितच वापरतो, कारण त्याने मागचं काहीच बदलत नाही, सगळं फक्त कलतं. विषयातच वेग किंवा तोल जाणं असेल, म्हणजे वळणावर झुकलेला सायकलस्वार, नाचता नाचता गिरकी घेणारी मुलगी, तर शोभतो. तेव्हा चांगला ठसठशीत तिरका धरा. दोन-तीन अंशांचा कल हात हलल्यासारखा वाटतो. उंच इमारतींचंही तसंच: एक तर कॅमेरा सरळ ठेवून उभ्या रेषा उभ्याच राहू द्या, नाहीतर पायथ्याशी जाऊन थेट वर बघा. अर्धवट वर उचललेल्या कॅमेऱ्यात इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते. ते नंतर एडिटिंगमध्ये सरळ करायचा विचार असेल तर चारी बाजूंना जागा सोडून काढा, कारण सरळ करताना कडा कापल्या जातात.