भांडणातलं निम्मं आठवत नाही, ते का?

प्रश्न: आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. भांडण झालं की पत्नी आवाज चढवते, रडते, दार आपटते. मी एकदाही ओरडलेलो नाही. चेहऱ्यावरची रेषही हलू न देता शेवटपर्यंत ऐकून घेतो (नंतर तिचं निम्मं बोलणं मला आठवतही नाही). अशा वेळी अमिग्डला, म्हणजे मेंदूतला भावनेशी जोडलेला एक भाग, सगळ्या मेंदूचा ताबा घेतो, असं मी वाचलं आहे. हे शास्त्र तिला कसं समजावू? दोन-तीन चांगले व्हिडिओ काढून ठेवले आहेत.
– एक शांत नवरा

उत्तर: तिला काहीही समजावू नका आणि ते व्हिडिओ पाठवू तर मुळीच नका. भांडणाआधी पाठवा की नंतर, तिला त्यातून एवढंच ऐकू येईल की बिघाड तिच्या मेंदूत आहे. तुमच्या पत्रावरून मला तरी तसं दिसत नाही.

मी थांबले ते कंसातल्या वाक्यापाशी. तिचं निम्मं बोलणं तुम्हाला आठवत नाही. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात, जणू त्यात लक्षात ठेवण्याजोगं काही नव्हतंच. पण खरोखर शांत असलेल्या माणसाला समोरच्याचं बोलणं आठवतं. चेहरा धरून बसलेल्याला आठवत नाही. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली हेच तपासून पाहिलं. त्रासदायक दृश्यं पाहताना काही जणांना सांगितलं होतं, मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर अजिबात दिसू द्यायचं नाही. त्या वेळी कानावर पडलेली माहिती त्यांना नंतर इतरांपेक्षा कमी आठवली. चेहरा आवळून ठेवायचा तर सतत स्वतःवर पहारा द्यावा लागतो: ओठ हलले का, कपाळाला आठी पडली का, आवाज कापला का. शब्द मनात साठवायला लागणारं लक्ष त्या पहाऱ्यातच संपतं. अकरा वर्षं ती तुमच्याशी बोलतेय आणि तुम्ही स्वतःचा चेहरा सांभाळताय. मला याचं फार वाईट वाटतं, तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

आता अमिग्डलाचं. फिलिप गोल्डिन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १७ स्त्रियांना १५ सेकंदांच्या किळसवाण्या चित्रफिती दाखवल्या आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. काही फिती त्यांनी तटस्थ नजरेने, दृश्याचा वेगळा अर्थ लावून पाहायच्या होत्या. काही पाहताना फक्त चेहरा कोरा ठेवायचा होता. अर्थ बदलून पाहिलं तेव्हा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग पहिल्या साडेचार सेकंदांतच कामाला लागला, आणि अमिग्डला व इन्सुला हे भावनेशी जोडलेले भाग शांत होत गेले. चेहरा दाबला तेव्हा प्रीफ्रंटल भाग जोर धरू लागला तो अगदी शेवटी, दहा सेकंद उलटून गेल्यावर. तोवर अमिग्डला आणि इन्सुला यांची हालचाल उलट वाढली होती. ज्या भागाचं नाव घेऊन तुम्ही तिला समजावणार होतात, तो भांडणात तुमच्याही डोक्यात जोरात चालू असण्याची दाट शक्यता आहे.

शिवाय हे तुमच्यापुरतं राहत नाही. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एकमेकींना अनोळखी असलेल्या स्त्रियांच्या जोड्या अस्वस्थ करणाऱ्या विषयावर बोलायला बसवल्या. काही जोड्यांत एकीला भावना लपवायला सांगितलं होतं. तिच्या समोर बसलेल्या स्त्रीचा रक्तदाब इतर जोड्यांतल्या स्त्रियांपेक्षा जास्त वाढला. नीट आठवून पाहा, तुमच्या पत्नीचा आवाज कधी चढतो? पहिल्याच वाक्याला, की तुमचा चेहरा गोठल्यावर? तिच्या दार आपटण्याबद्दल मी तिच्याशी बोलेन, तिने विचारलं तर.

तुम्ही एकच करा. पुढच्या भांडणात जबडा घट्ट होतोय, श्वास वरच्या वर अडकतोय असं जाणवलं की त्याच क्षणी स्वतःची भावना एका वाक्यात मोठ्याने सांगा. "मला भीती वाटतेय." "मला अपमान वाटला." भावनेचं नाव सापडलं नाही तर शरीराचं सांगा: "माझी छाती धडधडतेय." तीन-चार शब्द पुरेत. वाक्यात "तू" आला की ते बिघडलं. "मला वाटतं तू अति करतेस" हा सरळ आरोप आहे. मनातल्या मनात म्हणून भागवू नका. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली कोळ्याची दहशत असलेल्या ८८ लोकांना जिवंत कोळ्यासमोर आणलं. आपल्याला काय वाटतंय ते ज्यांनी त्याच वेळी शब्दांत बोलून दाखवलं, त्यांच्या हातांना आठवड्याने पुन्हा कोळी पाहताना इतरांपेक्षा कमी घाम आला. कोळ्यापासून काही अपाय नाही, असं स्वतःला पटवणाऱ्यांनाही तेवढा फायदा झाला नाही.

बोलताच येईना, तर नाडी १५ सेकंद मोजा. २५ च्या वर ठोके म्हणजे मिनिटाला १०० च्या वर. त्या अवस्थेत कामाचं बोलणं होत नाही. "मी वीस मिनिटांनी परत येतो" असं सांगून उठा. वेळ न सांगता उठणं हा त्याच कोऱ्या चेहऱ्याचा पुढचा भाग होईल. त्या वीस मिनिटांत मनात उत्तरं जुळवत बसलात तर ठोके उतरणार नाहीत. चाला, काहीतरी वाचा. आणि सांगितलेल्या वेळेला परत या.

पहिल्या एक-दोन वेळा ती विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कदाचित अजून चिडेल, विचारेल, "अकरा वर्षांत आज भीती वाटली तुला?" तेव्हा खुलासे देत बसू नका, मेंदूचं नाव काढू नका. खरं असेल तर एवढंच म्हणा: "दर वेळी वाटायची. मी लपवत होतो."