अठरा पूर्ण झाल्यावर कुठे जायचं?

'मॅडम, पोरगं अठराचं व्हायला आलंय आणि पार बिथरलंय. बाहेर एकटं टिकेल का हो?' अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं, म्हणून तिथले अधीक्षक, काळजीवाहक मावश्या मला हे नेहमी विचारतात.

सागर (नाव बदललं आहे) बारावीला होता. अभ्यास सोडला होता, धाकट्या पोरांवर हात उचलायचा. अंगात मस्ती आलीय, असं सगळ्यांचं मत. माझ्याशी मात्र एकदा हळूच म्हणाला, "ताई, मी रात्री खोलीत एकटा कधी झोपलोच नाहीये." घंटा झाली की ताट, दिवाळीला देणगीदारांकडून कपडे, असं वाढलेलं हे पोर. तेल काय भावाने मिळतं, डिपॉझिट किती मागतात, दवाखान्यात एकट्याने जाऊन काय सांगायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की वाढदिवशी सकाळी पिशवी हातात देतात.

हे खरं नाही, आणि ते मुलांना वेळेत सांगायलाच हवं. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरही पैशांचा आणि इतर आधार देण्याची, तरतूद आहे. ती २१ वर्षांपर्यंत मिळते, अपवादाने २३ पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. सागरला आई-वडील नव्हते, म्हणून अनाथ प्रमाणपत्रासाठीही अर्ज केला; महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे.

कागद मार्गी लागले तसा तो थोडा निवळला. मग अधीक्षकांनी त्याला रविवारी बाजारात धाडायला सुरुवात केली. भाजी त्याने आणायची, हिशेब त्यानेच लिहायचा. त्याच संस्थेत वाढलेला एक दादा चाकणला कंपनीत आहे, त्याच्या ओळखीने कॉट बेसिसवर जागा मिळाली.

पैशांपेक्षा अवघड प्रश्न सागरनेच काढला. "दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी जातील. मी?" आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये हा रकाना नसतो, आणि माझ्या मते मुलं खचतात ती इथेच. स्वयंपाकाच्या मावशींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडं यायचं. विचारायचं नाय." तो गेला, अजूनही जातो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या महिन्याचे पैसे त्याने मोबाइलवर उडवले. भाडं थकलं तेव्हा घाबरून दादाला फोन केला. दादाने उसने दिले आणि हप्त्याहप्त्याने वसूलही केले. घरातल्या पोराला चुकून परत यायला जागा असते, तेवढीच याला मिळाली. आता तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतोय.

संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) ठेवावा, असं नियम सांगतात. दोन महिने फार अपुरे आहेत. मुलाला सोळावं लागलं की जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बोला, आणि जाताना त्यालाही सोबत न्या.