डेटाबेस क्लस्टर : कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रश्न : आमचा पोस्टग्रेसचा साधारण ४०० जीबीचा डेटाबेस आहे. एक मुख्य सर्व्हर, एक रेप्लिका (त्याची सतत ताजी होत राहणारी प्रत). मुख्य सर्व्हर पडला की आम्ही हाताने रेप्लिकेला मुख्य करतो, म्हणजे फेलओव्हर करतो. हे आपोआप व्हावं, अशी वरून मागणी आहे. एका व्हेंडरने दोन सर्व्हरांचं तयार क्लस्टर सुचवलंय. क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी एक सहकारी पेसमेकर म्हणतो, एक पॅट्रोनी, एकाने गॅलेराचं नाव काढलंय. सांभाळणारे आम्ही दोघंच. काय निवडावं?

उत्तर : गॅलेरा आधी यादीतून काढा. ते मायएसक्यूएल आणि मारियाडीबीसाठी आहे, पोस्टग्रेसला त्याचा उपयोग नाही.

व्हेंडरला एवढंच विचारा : दोन्ही सर्व्हर धडधाकट आहेत, फक्त त्यांच्यामधलं नेटवर्क तुटलं, तर काय होईल? ‘ऑटोमॅटिक फेलओव्हर होईल’ असं उत्तर आलं, तर बैठक तिथेच संपवायला हरकत नाही. मुख्य सर्व्हर खरंच गेलाय की नुसता दिसेनासा झालाय, हे रेप्लिकेला तिच्या जागेवरून कळूच शकत नाही. ती स्वतःला मुख्य करून घेते, आणि तिकडे जुना मुख्यही नोंदी घेतच राहतो. हाच स्प्लिट-ब्रेन. नेटवर्क परत आलं की हातात दोन डेटाबेस असतात, दोन्ही खरे, आणि ते जुळवायला कुणीतरी ओळ न् ओळ तपासत बसतं.

म्हणून तिसरं मत हवंच. ते पूर्ण डेटाबेस सर्व्हरच असायला पाहिजे असं नाही. एटसीडी (मुख्य कोण, याची नोंद बहुमताने ठेवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही सर्व्हरांवर असेल, तर ते चालवणारं तिसरं एक छोटं मशीन पुरतं. तिघांपैकी ज्या बाजूला दोघं, त्या बाजूचा मुख्य. एकटा पडलेला आपणहून थांबतो.

आता पेसमेकर की पॅट्रोनी? पेसमेकर जुनं आणि भक्कम आहे. खाली कोरोसिंक असतं, ते सभासद आणि बहुमत बघतं. शेअर्ड डिस्क असेल, डीआरबीडी (नेटवर्कवरून डिस्कची प्रत ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल किंवा डेटाबेससोबत इतर सेवाही हलवायच्या असतील, तर मी तेच घेईन. पण त्याला फेन्सिंग लागतं, म्हणजे संशयित सर्व्हरची वीजच तोडण्याची सोय. फेन्सिंग बसवायला किचकट, म्हणून ‘तूर्त बंद ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. फेन्सिंगशिवाय पेसमेकर म्हणजे व्हेंडरचं तेच दोन सर्व्हरांचं क्लस्टर, फक्त जास्त कष्ट घेऊन उभारलेलं.

तुमच्या जागी मी पॅट्रोनी घेईन. ते फक्त पोस्टग्रेससाठीच आहे आणि रेप्लिकेशनमधल्या खाचाखोचा त्याला ठाऊक आहेत. जुना मुख्य परत आला की पीजी-रिवाइंड हे पोस्टग्रेसचं साधन वापरून त्याला रेप्लिका म्हणून जोडून घेणं, हेही ते करतं. मुख्य सर्व्हर एटसीडीत आपल्या नावाची किल्ली ठेवतो. तिची मुदत मुळात ३० सेकंद असते आणि दर १० सेकंदांनी ती वाढवली जाते. मुदत संपली की नवी निवड. यातली एक फट मात्र बुजवावी लागते. समजा मुख्य सर्व्हर मेला नाही, नुसता गोठला : व्हर्च्युअल मशीन ४० सेकंद अडकून राहिलं. तेवढ्यात रेप्लिका मुख्य झाली. मग जुना जागा होतो आणि पॅट्रोनीला भान यायच्या आत पोस्टग्रेस दोन-चार व्यवहार स्वीकारून मोकळा होतो. यासाठी वॉचडॉग (मशीन अडकलं की ते रीसेट करणारी सोय) चालू करा. किल्लीची मुदत वाढवली गेली नाही, तर ती संपण्याच्या ५ सेकंद आधीच तो मशीन रीसेट करतो. आणि हे लक्षात ठेवा : एटसीडीच पूर्ण बंद पडलं, तर पॅट्रोनी धडधाकट मुख्यालाही रीड-ओन्ली करतं. त्यावर फेलसेफ मोड आहे, तो वाचून-समजून मगच लावा.

सॉफ्टवेअरपेक्षा मोठा निर्णय वरच्यांना घ्यायचाय : फेलओव्हरमध्ये शेवटचे काही व्यवहार गेले तर चालतील का? असिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे रेप्लिकेच्या पोचेची वाट न बघता नोंद पक्की होते तिथे, ते जाऊ शकतात. ऑक्टोबर २०१८मध्ये गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचं नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. त्यांच्याकडे बहुमताची व्यवस्था होती आणि तिने नियमाप्रमाणे पश्चिमेकडचे डेटाबेस मुख्य केले. पण पूर्वेकडच्या काही सेकंदांच्या नोंदी पलीकडे पोचल्याच नव्हत्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ‘चालणार नाही’ असं उत्तर आलं, तर सिंक्रोनस मोड (रेप्लिकेची पोच आल्यावरच नोंद पक्की) लावा. प्रत्येक कमिट (व्यवहार पक्का होणं) थोडा हळू होईल, आणि सक्तीचा पर्याय निवडलात तर रेप्लिका पडल्यावर लिखाणही थांबेल. एकच रेप्लिका असताना हे जाचतं, तेव्हा दुसरी मागून घ्या.

चाचणी घेताना सर्व्हर नीट शटडाउन करून समाधान मानू नका, ते सगळ्यांनाच जमतं. नेटवर्क केबल ओढा. डिस्क भरून टाका. व्हर्च्युअल मशीन पॉज करून मिनिटभराने सोडा. आणि ॲप्लिकेशनचं कनेक्शन एचएप्रॉक्सीमार्फत (कनेक्शन योग्य सर्व्हरकडे वळवणारा मध्यस्थ) खरंच नव्या मुख्याकडे जातंय का, ते बघा. बहुतेक घोळ तिथेच निघतो.

प्रश्न : क्लस्टर झाल्यावर रोजचा बॅकअप बंद करता येईल का? तेवढीच डिस्क वाचेल.

उत्तर : नाही. कुणी ‘व्हेअर’ (कुठल्या ओळी, ही अट) न लिहिता डिलीट चालवलं, तर रेप्लिकाही तेच इमानेइतबारे करेल. बेस बॅकअप (पूर्ण प्रत) आणि वॉल आर्काइव्ह (त्यानंतरच्या बदलांच्या नोंदी) दोन्ही चालू ठेवा. फक्त ते एटसीडीच्या छोट्या मशीनवर ठेवू नका. डिस्क बॅकअपात गुंतली की एटसीडीचं लिखाण रखडतं आणि धडधाकट क्लस्टरमध्ये पुन्हा पुन्हा नेता बदलू लागतो.